विसरण्यापुरतं इंग्रजी

तीर्थस्वरूप सौ. ताई हिच्या चरणी तिच्या एकुलत्या एक धाकट्या भावाचा नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली वाकता येत नाही, तेव्हा खुर्चीत बसूनच केला आहे. मनाने पूर्ण वाकलो आहे.) तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का, की अजून घरात काम निघालं की तेवढ्यापुरता सुरू होतो? इकडे सगळं खुशाल. म्हणजे ही खुशाल आहे, तुझी भाची खुशाल आहे आणि मी तर ठणठणीत आहे. हे शेवटचं वाक्य तू पुन्हा एकदा वाच, कारण आमच्या कंपनीच्या डॉक्टरांचं मत जरा वेगळं पडलंय.

घाबरू नकोस. आणि दाजींना हे मोठ्याने वाचून दाखवत असशील तर त्यांना आधीच सांग, हसायचं नाही. प्रश्न माझ्या नोकरीचा आहे. येत्या आठवड्यात डॉक्टर एका कागदावर सही करणार. त्यावर 'स्मरणशक्ती शाबूत' असं आलं तर मी माझ्या खिडकीवर राहणार, आणि तसं नाही आलं तर तब्येतीच्या कारणावरून कायमचा घरी. स्मरणशक्ती, ताई! माझी! ज्याच्यासमोर आपल्या घरात कुणाला साधी थाप मारायची सोय नव्हती, त्याची! तू आईला सांगितलं होतंस की निळी रिबीन वाऱ्याने उडाली. ती उडाली नव्हती. ती तू वर्गातल्या त्या दात पुढे असलेल्या मुलीला दिली होतीस, आणि तिच्याकडून पेरू घेतला होतास. अर्धाच. असो. तो विषय नाही.

तू माझं ऑफिस पाहिलेलं नाहीस. (दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा बाजारातून परस्पर घरी गेलीस.) तिकीटघराच्या मागे, बसस्थानकाच्या अगदी टोकाला, जाळीची एक खिडकी आहे. वर पाटी, 'हरवलेल्या वस्तू'. ही पाटी चूक आहे हे मी तीन साहेबांना सांगून झालं. वस्तू हरवत नाहीत. त्या जिथे ठेवल्या तिथेच मुकाट बसून असतात, माणूस उठून जातो. पण ते जाऊ दे. आत लोखंडी मांडण्या, त्यावर डबे, पिशव्या, हेल्मेटं. दोरीवर ओळीने छत्र्या. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चष्मे. कोपऱ्यात एक कुबडी आहे. कुणीतरी ती घेऊन बसमध्ये चढला आणि उतरताना विसरून चालत गेला. आमच्या बसने प्रवास केल्यावर पाय बरे होतात, असं आमचे जुने साहेब पाहुण्यांना ती कुबडी दाखवून सांगायचे. यातली प्रत्येक वस्तू कधी आली, कोणत्या बसमधून आली, कोणत्या बाकावर होती, हे मला तोंडपाठ आहे. लिहून ठेवायची सक्ती आहे म्हणून लिहितो, एवढंच.

आता मूळ गोष्टीकडे येतो. (येतोय, येतोय. तू पत्र वाचतानासुद्धा 'मुद्द्याचं बोल' म्हणतेस हे मला इथे ऐकू येतं.) इतकी वर्षं त्या खिडकीत बसून मी एक गोष्ट पाहिली. वस्तू विसरलेला माणूस आधी घरच्यांवर चिडतो, मग बसवाल्यावर चिडतो, आणि खिडकीशी आला की लाजतो. आणि शिकलेला माणूस लाजला की थेट इंग्रजीत शिरतो. रोजचं सगळं मराठीत चालतं, भाजीवाल्याशी घासाघीस मराठीत, कंडक्टरशी भांडण मराठीत; पण माझ्यासमोर छत्री न्यायला उभा राहिला की मान तिरकी करतो, हसतो आणि म्हणतो, 'इट कम्प्लीटली स्लिप्ड माय माइंड.'

मला इंग्रजी किती येतं हे तुला वेगळं सांगायला नको. तू स्वतः शाळेत शिकवायला लागलीस तेव्हा सराव म्हणून आधी मला धरून बसवलं होतंस. त्यातलं 'दिस इज अ कॅट' अजून येतं. पण आमच्या खिडकीशी मांजर विसरलेलं कुणी येत नाही. तर 'स्लिप' म्हणजे घसरणे एवढं मला ठाऊक होतं. मला वाटलं, माणूस बसमधून उतरताना घसरला. मी लगबगीने बाहेर खुर्ची न्यायचो, पाणी द्यायचो, 'पँट जरा वर करा, सूज आलीय का बघू' म्हणायचो. लोक खूश होऊन जायचे. एकदा एक टाय लावलेले गृहस्थ बोलता बोलता मध्येच थांबले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, 'सॉरी, आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट.' ट्रेन हरवली म्हणतात! मी अदबीने त्यांना रस्त्यापलीकडे रेल्वेच्या ऑफिसात पाठवून दिलं. आमच्याकडे फक्त बसचं बघतात. आणि एक बाई तर पर्स घेऊन जाताना म्हणाल्या की स्क्रूने घट्ट बसवलेलं नसतं तर त्या स्वतःचं डोकंही कुठेतरी ठेवून आल्या असत्या. इंग्रजीत म्हणाल्या, पण 'हेड' आणि 'स्क्रू' हे दोन शब्द मला नीट कळले. केवढं मोठं ऑपरेशन झालं असेल बिचारीचं, म्हणून मी त्यांच्या मानेकडे न बघता पर्स दिली.

तर अशी वाक्यं ऐकून ऐकून मला पाठ झाली. अर्थाचं मी फारसं मनावर घेतलं नाही. मला वाटलं, सगळी भली माणसं येऊन हीच वाक्यं बोलतात, तेव्हा सभ्य इंग्रजी म्हणतात ते हेच असणार. अर्थ काय, सावकाश येईल. आधी उच्चार साधला पाहिजे. दाढी करताना आरशासमोर म्हणून बघायचो. हिने ऐकलं आणि म्हणाली, छान वाटतंय, बातम्या देतात तसं. (हिला इंग्रजीतलं 'ओके' येतं. पण ते ती अशा काही सुरात म्हणते की पुढे कुणाची बोलायची हिंमत होत नाही.)

अशात आमच्याकडे नवे साहेब आले. वयाने लहान, चपळ, सारखे हात चोळणारे. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं की खिडकीवरच्या माणसाला प्रवाशांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे, आणि प्रत्येकाची ते स्वतः मुलाखत घेणार. ज्याला जमणार नाही त्याचं पुढे बघू, म्हणाले. तिकीटघरातल्या लोकांची गाळण उडाली. मी मात्र निवांत. माझी तयारी वीस वर्षांची होती. तुझी भाची तेव्हा कामाच्या ट्रेनिंगला परगावी गेली होती, नाहीतर हा सगळा घोटाळा तिथेच टळला असता.

मुलाखतीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांच्या खोलीत गेलो. गारेगार खोली, काचेचं टेबल, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. (ते झाड आमच्याकडचंच. पाच महिन्यांत कुणी न्यायला आलं नाही.) साहेबांनी नाव विचारलं, ते मी सांगितलं. मग त्यांनी लांबलचक काहीतरी विचारलं, त्यातलं 'हाऊ लाँग' तेवढं कळलं. मी हसून, मान किंचित तिरकी करून म्हणालो, 'इट कम्प्लीटली स्लिप्ड माय माइंड, सर.' उच्चार असा पडला की माझं मलाच बरं वाटलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. पुढचा प्रश्न कामाबद्दल असावा. मी सांगितलं, 'आय हॅव अ मेमरी लाइक अ सिव्ह.' यातला 'सिव्ह' हा शब्द मी भांड्यांच्या दुकानात विचारून आलो होतो. सिव्ह म्हणजे चाळणी. मेमरी म्हणजे स्मरणशक्ती हे तर मोबाइलमुळे कुणालाही कळतं. मला ही उपमा फारच पटली होती. चाळणी काय करते? खडा, कचरा बरोबर अडवून धरते. माझंही तेच आहे. कामाचं पीठ कुठे जातं कोण जाणे, पण कुणी केव्हा काय चुकीचं बोललं तो खडा माझ्याकडे जन्मभर राहतो. (ही यावर म्हणाली, मी हेच तुम्हाला लग्न झाल्यापासून सांगतेय.)

मग साहेबांनी टेबलावरच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे बोट दाखवून अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं काहीतरी विचारलं. मी म्हणालो, 'इट रिंग्ज अ बेल.' हे वाक्य मी राखून ठेवलं होतं, कारण त्यातला 'बेल' फार छान घुमतो. ताई, साहेबांचे डोळे भरून आले. ते उठले, माझ्यासाठी चहा मागवला, बिस्किटं मागवली, आणि निघताना माझ्या कोपराला धरून मला दारापर्यंत सोडायला आले. आजवर एवढा मान मला कुठल्या साहेबाने दिला नव्हता. घरी आलो तो छाती फुगवूनच. हिला म्हणालो, काहीतरी गोड कर, ताईच्या भावाने मैदान मारलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, कंपनीच्या डॉक्टरांकडे जा. मी म्हटलं बरोबर आहे, बढतीच्या आधी तब्येत तपासतातच.

डॉक्टर कुठल्या तरी दूरच्या प्रांतातले. त्यांना मराठीतली दोनच वाक्यं येतात, 'कुठे दुखतं' आणि 'जीभ दाखवा'. बाकी सगळं इंग्रजी. त्यांनी साहेबांची चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मी म्हणालो, 'इट्स ऑन द टिप ऑफ माय टंग.' डॉक्टर म्हणाले, 'जीभ दाखवा.' दाखवली. त्यांनी ती सगळीकडून पाहिली. पुढच्या प्रश्नाला मी म्हणालो, 'इन वन इअर अँड आउट द अदर.' तर ते उठले, बॅटरी घेतली आणि माझ्या एका कानात पाहिलं, मग दुसऱ्या कानात पाहिलं. उजेड आरपार दिसतोय का ते बघत होते की काय, कुणास ठाऊक. मला कळेना की एवढं सभ्य इंग्रजी बोलूनही हा माणूस खूश का होत नाही. म्हणून शेवटी मी पर्सवाल्या बाईंचं ते डोक्याचं आणि स्क्रूचं वाक्य काढलं. ते लांब आहे, पण मी कुठेही अडखळलो नाही. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि बराच वेळ लिहीत बसले.

मग त्यांनी तीन शब्द सांगितले आणि माझ्याकडून ते म्हणवून घेतले. ॲपल, चेअर, रिव्हर. मग रक्तदाब घेतला, वजन घेतलं, आणि परत येऊन पुन्हा काहीतरी विचारलं. आता मला कळतं की ते तेच तीन शब्द विचारत होते. ताई, मला ते तिन्ही आठवत होते! आत्ता तुला लिहूनसुद्धा दाखवले की! पण प्रश्नच कळला नाही तर माणूस काय करेल? एकच वाक्य शिल्लक होतं. मी म्हणालो, 'आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट.'

शनिवारी तुझी भाची घरी आली. मी मोठ्या कौतुकाने तिला डॉक्टरांचा तपासणीचा कागद दाखवला. तिने वाचला (त्यात स्मृतिभ्रंशाचा संशय लिहिला होता, हे मला नंतर कळलं) आणि मला विचारलं, तुम्ही नक्की काय काय बोललात? मी एकेक वाक्य म्हणून दाखवलं, हावभावासकट. ती आधी हसली, मग हसत हसत जमिनीवरच बसली, आणि मग डोळे पुसत तो कागद पुन्हा वाचायला लागली. म्हणाली, बाबा, या सगळ्याचा अर्थ एकच आहे. विसरलो. मी म्हटलं, कोणत्या वाक्याचा? म्हणाली, सगळ्यांचा. मनावरून घसरलं म्हणजे विसरलो, जिभेच्या टोकावर आहे म्हणजे आठवत नाही, चाळणी म्हणजे तर काहीच लक्षात राहत नाही, आणि घंटा वाजते म्हणजे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय पण नक्की सांगता येत नाही. ताई, ऐकलंस? जन्मभर कान देऊन जमवलेलं माझं सगळं इंग्रजी नुसतं विसरण्याचं निघालं!

काय लोक आहेत बघ. आपल्यात 'मी विसरलो' म्हटलं की विषय संपला, गुन्हेगार जागच्या जागी सापडतो. त्यांच्यात माणूस नामानिराळा. छत्रीच घसरली, शब्दच जिभेवर अडकून बसला, ट्रेनच निघून गेली. यांचा काही संबंधच नाही! मी हिला म्हटलं, उद्यापासून तू दळण आणायला सांगितलंस आणि मी नाही आणलं तर ते दळण माझ्या मनावरून घसरलं असं समज. ही म्हणाली, 'ओके.' मी दळण घेऊन आलो. मग मी तुझ्या भाचीला विचारलं, अगं, मग लक्षात आहे हे इंग्रजीत कसं म्हणायचं? ती म्हणाली, 'आय रिमेंबर.' झालं? एवढंच? विसरायला एवढी मोठी भरजरी वाक्यं आणि लक्षात ठेवणाऱ्याला दोन शब्द?

सोमवारी आम्ही बापलेक साहेबांकडे गेलो. तिने सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला म्हणाले, घरच्यांना हे स्वीकारायला जड जातं, मला कल्पना आहे. मग मीच मराठीत सुरू झालो. ते रुजू झाले त्या दिवशीचा शर्ट सांगितला, त्यांच्या सासूबाईंची पिशवी कोणत्या बसमध्ये राहिली होती आणि पिशवीत काय होतं तेही सांगितलं. (ते सांगायला नको होतं. साहेबांनी घरी ती पिशवी चोरीला गेली म्हणून सांगितलं होतं म्हणे.) साहेब हात चोळत म्हणाले, बघा, जुनं जुनं सगळं आठवतं, हेच तर या आजाराचं लक्षण आहे! आता बोल. विसरावं तर आजारी, आठवावं तर जास्त आजारी.

तुला म्हणून सांगतो ताई, वरवर थट्टा करतोय, पण आतून घाबरलोय. घरी बसायची मला भीती वाटते. लोक तोंड पाडून खिडकीशी येतात, मी मागे जातो, आणि त्यांनी वर्णन पुरं करायच्या आत त्यांची वस्तू जाळीतून पुढे करतो. मग जो चेहरा होतो ना त्यांचा! साठीचा माणूसही लहान होतो. त्यासाठी मी रोज जेवणाचा डबा घेऊन वेळेआधी जातो. घरी कुणाला काय परत देणार मी? हिच्या वस्तू तर सगळ्या जागच्या जागी असतात.

डॉक्टर मात्र माणूस भला आहे. तुझ्या भाचीने खूप सांगितल्यावर म्हणाले, लहानपणापासून ओळखणारं घरातलं एखादं मोठं माणूस मला फोनवर सांगू दे की हे पूर्वी होते तसेच आहेत, मी सही करतो. आता माझ्याहून मोठं असं तुझ्याशिवाय कोण उरलंय? आणि इंग्रजीही तुझ्याइतकं कुणाला येतं? तेव्हा मी तुझंच नाव सांगितलंय. बाकी तू समजूतदार आहेस. दाजींना नमस्कार. नातवाला माझ्यातर्फे एक पापा, तो पुसून टाकत असेल तर लगेच दुसरा.

तुझा,
सगळं लक्षात असलेला भाऊ

ता. क. डॉक्टरांशी बोलताना 'आमचा धाकटा आधीपासूनच जरा वेंधळा' असं लाडाने म्हणू नकोस. ते लिहून घेतात. नुसतं 'ही रिमेंबर्स एव्हरीथिंग' म्हण आणि फोन ठेव. तुला फोन लवकर ठेवायची सवय नाही, म्हणून आधीच सांगतोय.

आणखी एक. रिबिनीचं मी वर लिहिलं ते रागावून वाचू नकोस. तो पुरावा म्हणून दिला आहे. डॉक्टरांनी मागितलाच तर माझ्याकडे असे आणखी आहेत. दाजींनी लग्नाआधी तुला पाठवलेल्या त्या कवितेच्या पहिल्या चार ओळी येतात. पण त्याची वेळ येणार नाही अशी आशा आहे.

शेवटचं आणि खरं महत्त्वाचं. डॉक्टरांनी काल तुझा फोन नंबर विचारला. आता तो नंबर मी वर्षानुवर्षं मोबाइलवर 'ताई' या शब्दावर बोट ठेवून लावत आलोय, आणि तो मोबाइल परवा धुण्याच्या बादलीत पडला तो उठलाच नाही. डॉक्टर पेन उघडून बसलेले. मी 'उद्या देतो' अशी खूण करून बाहेर पडलो. हिच्याकडे तुझा नंबर आहे, तुझ्या भाचीकडेही आहे, पण त्यांच्याकडे मागितला की दोघी एकमेकींकडे कशा बघतील ते मला आत्ताच दिसतंय. सध्या मी ठणठणीत आहे असं मानणारी जगात तेवढी दोनच माणसं आहेत. म्हणून हे पत्र. नंबर उलट टपाली, पाकिटातून, ऑफिसच्या पत्त्यावर पाठव आणि यातलं घरी कुणाला कळू देऊ नकोस. ताई, देवाशपथ सांगतो, त्या खुर्चीत बसून मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर काहीतरी विसरलो, आणि नेमकं त्या वेळी इंग्रजीतलं एक वाक्य आठवलं असेल तर शपथ!